सोडा दोन इंच, लोगो तीन फूट

पेडणे तालुक्यातल्या एका स्पोर्ट्स क्लबच्या खजिनदारांचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगते. दरवर्षी मेच्या सुट्टीत क्लबची अंडर-१५ फुटबॉल टुर्नामेंट असते, सोळा टीम, भात कापून झालेल्या मळ्यात गोलपोस्ट ठोकून. यंदा एका दारू कंपनीचा माणूस भेटायला आला. तो स्वतःला सोड्याचा माणूस म्हणवतो, कारण व्हिस्कीचं जे नाव तेच नाव असलेला सोडा पण ते विकतात म्हणे. दीड लाख रुपये, १६० जर्सी, गेटवर कमान, ग्राउंडच्या चारी बाजूंनी बॅनर, बदल्यात क्लबच्या इन्स्टावर रोज एक पोस्ट टाकून कंपनीला टॅग करायचं. कमिटीत दोन तट पडलेत. अध्यक्ष म्हणतात आयपीएलला चालतं ते आमच्या मळ्यात का चालू नये. आणि खजिनदारांच्या सातवीतल्या मुलाने सॅम्पल म्हणून दिलेली जर्सी बघून विचारलं, "पप्पा, हे आपल्या तेलाच्या बाटलीवरचं चित्र ना?" घरात रिकाम्या बाटलीत खोबरेल भरून ठेवलेलं असतं, त्यावरून त्याने ओळखलं.

त्यांचे प्रश्न असे: हे कायद्यात बसतं का, उद्या क्लब अडचणीत येईल का, नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं कारण तो माणूस कमिटीतल्याच एकाचा मेहुणा आहे, आणि गावातले काजूची फेणी गाळणारे भाटीवाले काका दरवर्षी फायनलची ट्रॉफी देतात, मग ती पण जाहिरात धरायची का.

खजिनदार भाऊ,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग जरा गप्प बसले, कारण या धंद्याच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतः अठरा वर्षं बसलेय. म्हापशाला माझं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आता भाचा बघतो. असल्या सोड्याचे, पाण्याचे, म्युझिक सीडीचे बॅनर मी किती छापले असतील देव जाणे. त्यामुळे मी काही सोवळ्यातून बोलत नाहीये.

एक किस्सा सांगते. अशाच एका कंपनीच्या एजन्सीकडून कोरलमधल्या डिझाईनची फाईल आली, दहा बाय सहाचा बॅनर, कुठल्याशा बीच फेस्टिव्हलसाठी. लोगो मधोमध, तीन फूट उंच, आणि मेलमध्ये ठणकावून सांगितलेलं की लोगोचा सोनेरी-लाल रंग अमुक कोडचाच हवा, इकडचा तिकडे झाला तर बॅनर परत. खाली उजव्या कोपऱ्यात "सोडा" हा शब्द, दोन इंचाचा. मांडणी करताना माझ्याकडच्या पोराला वाटलं की हा शब्द फारच बारीक राहिलाय, मग त्याने बिचाऱ्याने चांगुलपणाने तो मोठा करून प्रूफ पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "मॅडम, तो शब्द होता तेवढाच ठेवा. शक्य असेल तर अजून थोडा कमी करा." मी कमी केला आणि छापला, आयलेट मारून दिला, स्क्वेअर फुटाच्या हिशेबाने पैसे घेतले. त्या दिवशी मला सरोगेट जाहिरात, म्हणजे बंदी असलेल्या मालाची दुसऱ्याच मालाआडून केलेली जाहिरात, काय असते ते जेवढं कळलं तेवढं नंतर कायदा वाचून पण कळलं नाही. ज्याची जाहिरात आहे म्हणतात तोच शब्द गिऱ्हाइकाला लहान हवा असतो, असं कुठे बघितलंय? पदेर, म्हणजे आपला पाववाला, कधी म्हणेल का, की बोर्डावर पाव हा शब्द बारीक करा?

आता कायद्याचं. आपल्या देशात सिगारेट-तंबाखूसाठी २००३ चा कोटपा कायदा आहे, त्यात जाहिरातबंदी सरळ लिहिलेली आहे. दारूसाठी असा देशभराचा एकच कायदा नाही. दारू हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलाय, म्हणून तर आपल्याकडे गोव्यात २१ वर्षं पूर्ण झाली की बाटली घेता येते आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला गेलं की व्हिस्कीसाठी २५ लागतात. घटनेच्या ४७ व्या कलमात राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं लिहिलंय, आणि गोव्यात बसून ते वाचताना कुणाचा चेहरा सरळ राहत असेल तर त्याला माझा नमस्कार. तर जाहिरातीचे नियम असे वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेले आहेत. टीव्हीसाठी केबल नेटवर्कचे १९९४ चे नियम, त्यातला सातवा नियम दारूची जाहिरात चालणार नाही म्हणतो. छापील पेपरांसाठी प्रेस कौन्सिलचे निकष आहेत, ते प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष दोन्ही नको म्हणतात. जाहिरातवाल्यांची स्वतःची एक संस्था आहे, आस्की, १९८५ पासूनची, तिची वेगळी आचारसंहिता.

आणि तुमच्या कामाचं ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे. त्यात जाहिरात कशाला म्हणायचं याची व्याख्या एवढी लांबरुंद आहे की प्रकाश, आवाज, धूर, वायू यातून केलेली प्रसिद्धी पण जाहिरातच. धुराने जाहिरात कशी करतात ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही, पण सांगायचा मुद्दा, तुमची कमान, बॅनर, जर्सी आणि इन्स्टाची पोस्ट यातलं काहीही "ही काही जाहिरात नव्हे, प्रोत्साहन आहे" म्हणून सुटत नाही. या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सरोगेट जाहिरात हा शब्द व्याख्येसकट आला आणि अशी जाहिरात करू नये असं स्पष्ट लिहिलं. ज्या मालाची जाहिरात बंद आहे त्याचं नाव, लोगो, रंग, मांडणी वापरून दुसऱ्याच मालाची जाहिरात आहे असं भासवलं तर ती सरोगेट. रंग आणि मांडणी हे दोन शब्द बघून ठेवा, म्हणून मघाशी तो सोनेरी-लाल किस्सा सांगितला.

पण त्याच कलमाखाली एक खिडकी उघडी ठेवलीये आणि तो कमिटीवाल्याचा मेहुणा तिच्यातूनच आत येणार. तिथे असं आहे की नुसतं ब्रँडचं किंवा कंपनीचं नाव सारखं आहे एवढ्यावरून जाहिरात सरोगेट ठरत नाही, बाकी आक्षेपार्ह काही नसेल तर. टीव्हीच्या नियमात पण २००९ पासून अशीच फट आहे, सेन्सॉर बोर्डाकडून दाखला घ्यायचा, बाटली दाखवायची नाही, दारूशी जोडलेले रंग वापरायचे नाहीत, दारूच्या जाहिरातीत असतात तसे प्रसंग दाखवायचे नाहीत, मग सोडा दाखवा. याला ते ब्रँड एक्स्टेंशन म्हणतात. आस्कीने त्यात अट घातलीये की एक्स्टेंशन खरंखुरं असलं पाहिजे, म्हणजे तो माल देशात वर्षाला पाच कोटी किंवा एका राज्यात एक कोटी तरी विकला जात असला पाहिजे, किंवा दुकानांत ठरलेल्या प्रमाणात दिसला पाहिजे, नुसता बॅनरवर नाही.

म्हणून उद्याच त्या माणसाला साधा प्रश्न विचारा, हा सोडा मला पेडण्याच्या बाजारात कुठे मिळेल? खरंच जाऊन बघा. किराणावाल्याकडे, बेकरीत, बसस्टँडवरच्या गाड्यावर. मिळाला तर बाटली घेऊन या, लायसनचा नंबर बघा, कमिटीपुढे ठेवा. नाही मिळाला तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. माझा अंदाज विचाराल तर तुम्ही रिकाम्या हाताने येणार आणि येताना भजी खाऊन येणार.

क्लब अडचणीत येईल का? कागदावर, हो. भुलवणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि एंडोर्स करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय एंडोर्स करणाऱ्यावर एक वर्षाची बंदी आणू शकतात आणि ती पुढे तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. एंडोर्स करणारा म्हणजे फक्त सिनेमाचा हिरो नाही, त्या तत्त्वांत संस्था आणि गट पण धरलेत, म्हणजे क्लबच्या अकाऊंटवरून रोज टॅग करणारे तुम्ही त्यात बसू शकता. जो जाहिरात प्रसिद्ध करतो किंवा त्यात सामील असतो त्याला पण दहा लाखांपर्यंत दंडाची सोय आहे, हे मी दुकान चालवत असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता प्रत्यक्षात दिल्लीहून कोणी तुमच्या मळ्यात जर्सी मोजायला येणार आहे का, तर नाही येणार, तुम्हाला उगाच घाबरवत नाही. पण १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर कुणीही तक्रार करू शकतो, आणि गावातल्या क्लबच्या बाबतीत तो कुणीही म्हणजे मागच्या निवडणुकीत कमिटीतून पडलेला गडी असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमचे अध्यक्ष आयपीएलचं म्हणतात. त्यांचं खोटं नाही, तिथे तर २००८ पासून बेंगळुरूच्या टीमचं नावच व्हिस्कीच्या ब्रँडवरून पडलंय. पण मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून दारू-तंबाखूच्या जाहिराती, सरोगेट धरून, बंद करायला सांगितलं, तेवढं त्यांच्या कानावर घाला. आणि हायवेचं पण आठवतं का बघा. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं तर हटवायला सांगितलीच, पण हायवेवर दारू मिळते असे बोर्ड आणि जाहिराती पण लगेच काढा म्हटलेलं. पुढे अंतरात सवलती आल्या, लहान गावांसाठी २२० मीटर झालं. पण तेव्हा आमच्या दुकानात बोर्ड काढलेल्या बारवाल्यांची रांग लागलेली, सगळ्यांना "फॅमिली रेस्टॉरंट" असा नवीन बोर्ड हवा, जुन्याच रंगात. मी छापले. म्हटलं ना, सोवळ्यात नाहीये.

मला विचाराल तर तुम्ही कायद्याच्या फटीत डोकावून बघणं सोडा. चालतं की नाही हे ठरवायला तुम्हाला वकील लागेल, तो वकील पण "दोन्ही बाजूंनी म्हणता येईल" असं सांगून फी घेईल. तुमच्या पोराने ते काम फुकटात करून दिलंय. त्याला सोडा दिसलाच नाही हो. दोन इंचाचा शब्द त्याच्या डोळ्यांनी घेतलाच नाही, त्याला दिसलं चित्र, ते चित्र त्याने बाटलीवर बघितलेलं, आणि बाटलीत तेल होतं म्हणून तो तेलाची म्हणाला. अजून दोन-तीन वर्षांनी त्याला कळेल की तेलाच्या आधी तिच्यात काय होतं, आणि तेव्हा ते चित्र त्याला परकं वाटणार नाही, कारण ते त्याच्या पहिल्या टुर्नामेंटच्या जर्सीवर होतं, ज्यात त्याने कदाचित गोल मारलेला असेल. कंपनी दीड लाख त्याचे देतेय. सोळा टीमच्या १६० पोरांसाठी दीड लाख म्हणजे डोक्यामागे हजार रुपये पण पडत नाहीत, आणि त्यात गिऱ्हाईक पुढच्या पन्नास वर्षांचं. स्वस्तात पडतं त्यांना.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही, बाहेरच्या देशांनी नेमकं हेच धरून कायदे केलेत. आयर्लंड बघा, गिनेसचा देश, पिण्याच्या बाबतीत आपल्या गोव्याचा थोरला भाऊ म्हणा. तिथे २०१८ च्या कायद्याने ज्या कार्यक्रमात भाग घेणारी बहुतेक मुलंच आहेत त्याला दारू कंपनीचं स्पॉन्सरिंग बंद. शाळेपासून दोनशे मीटरच्या आत जाहिरात बंद. मुलांच्या कपड्यांवर दारूचा ब्रँड बंद. म्हणजे तुमच्यासमोरच्या ऑफरमधलं जवळजवळ सगळंच तिथे गुन्ह्यात मोडलं असतं. गंमत म्हणजे तिथल्या कंपन्यांनी पण आपल्यासारखाच रस्ता काढलाय, तिथे सोडा नाही, ०.० बियर, तोच लोगो, अल्कोहोल शून्य, आणि त्यावरून तिथे भांडण चालू आहे. फ्रान्सने तर १९९१ मध्येच एव्हाँ कायदा करून खेळातलं स्पॉन्सरिंग बंद केलं, इतकं की रग्बीच्या हायनेकेन कपला फ्रान्समध्ये नुसतं एच कप म्हणायचे. नॉर्वेत १९७५ पासून बंदी आहे. आणि तुमच्या क्लबात लिव्हरपूलवाले असतीलच, त्यांना विचारा, १९९२ ते २०१० त्यांच्या टीमच्या छातीवर बियरचं नाव होतं, पण शेवटच्या काही वर्षांत लहान मुलांच्या साईझच्या जर्सीवर ते नाव छापणं थांबलं. मोठ्यांच्या अंगावर ठेवलं, पोरांच्या अंगावरून काढलं. बियरवाले पण एवढं तरी मानतात.

आता भाटीवाले काका. हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलाय पण मला वाटतं तुम्हाला खरा त्रास याचाच होतोय, की उद्या कंपनीला नाही म्हटलं तर कोणीतरी उठून म्हणणार, मग काकांची ट्रॉफी कशी चालते, ते काय दूध विकतात? तर बघा. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, २०१६ पासून सरकारने तिला राज्याचं हेरिटेज पेय म्हणून मान दिलाय, काका काही चोरून धंदा करत नाहीत. पण तो माझा मुद्दा नाही, कारण हेरिटेज असली तरी फेणी म्हणजे दारूच, मुलांच्या बाबतीत तिला वेगळा न्याय नको. मुद्दा असा की ट्रॉफीवर काय लिहिलंय? तुम्हीच पत्रात लिहिलंय, काकांच्या आईच्या स्मरणार्थ. आईचं नाव आहे, भाटीचं नाही, बाटली नाही, लेबल नाही. गावच्या माणसाने आईच्या नावाने ट्रॉफी दिली, यात जाहिरात कुठे आली? उद्या काका म्हणाले की माझ्या फेणीचं नवीन लेबल केलंय ते जरा कमानीवर लावा, तर त्यांना पण हात जोडून नाही म्हणायचं. आणि ते म्हणणार नाहीत, एप्रिल-मेत त्या माणसाला भाटीसमोरून उठायला फुरसत नसते, हुर्राक, म्हणजे काजूची पहिली धार, गाळून व्हायच्या आत संपतो.

हाच स्मरणार्थचा धागा पकडून मी तुम्हाला पैशाचं सुचवते. दीड लाख एका माणसाकडून घेण्यापेक्षा सोळा टीमना सोळा घरं शोधा. एका टीमच्या दहा जर्सी एका घराने द्यायच्या, पाठीवर छोट्या अक्षरात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". आपल्या लोकांना कंपनीपेक्षा आजोबांचं नाव पोरांच्या पाठीवर बघायला जास्त आवडतं, आणि जे गल्फात नाहीतर लंडनला आहेत ते तर व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला की पैसे पाठवतात, तिथे बसून त्यांना गावच्या मळ्याची आठवण येतच असते. उरलेल्यासाठी पतसंस्था, फार्मसी, हार्डवेअरवाला, टू-व्हीलरचा शोरूमवाला, त्यांना चार बाय तीनचा एकेक बॅनर. दीड लाख होणार नाहीत. लाखभर झाले तरी पुरे, कमान कशाला हवी हो? पोरं काय कमानीतून गोल मारणार आहेत? दोन माड उभे करून तोरण बांधा.

मेहुण्याचं. त्याला तत्त्वज्ञान सांगत बसू नका, तो नोकरी करतोय, त्याच्यावर टार्गेट असणार. कमिटीची मीटिंग घ्या, वहीत ठराव लिहा की पंधरा वर्षांखालच्या टुर्नामेंटसाठी दारू, तंबाखू, गुटखा यांचं किंवा त्याच नावाने निघणाऱ्या कुठल्याही मालाचं स्पॉन्सरिंग क्लब घेणार नाही, सगळ्यांच्या सह्या घ्या, अध्यक्षांची पहिली. मग त्याला चहाला बोलवा, ठरावाची झेरॉक्स हातात द्या आणि म्हणा, "पात्रांव, तुझ्यावर राग नाही, क्लबाचा नियमच झालाय, वरती हे दाखव." त्याला पण साहेबाला दाखवायला कागद मिळतो, तुमचा पण शब्द मोडत नाही. तो म्हणेल मग सिनियर टुर्नामेंटला घ्या, तिथे सगळे मोठे आहेत. तेव्हा काय करायचं ते कमिटीने ठरवावं, मी असते तर तिथे पण घेतलं नसतं कारण बघायला पुढच्या रांगेत तीच पोरं बसलेली असतात, पण ते भांडण वेगळं आणि ते यंदाच उकरून काढायची गरज नाही. ती सॅम्पल जर्सी मात्र परत करा, घरात ठेवू नका, पोरगा घालून शाळेत जाईल.

तेलाच्या बाटलीचं लेबल गरम पाण्यात भिजवून काढता येतं, राहिलेला डिंक खोबरेलानेच निघतो. काढाच असं नाही, माझ्या घरी अजून तशीच एक आहे, तिच्यात व्हिनेगर.

बॅनर छापून घ्याल तेव्हा एक सांभाळा. स्मरणार्थची नावं कागदावर लिहून, ज्या घरचं नाव त्याच घरच्या माणसाकडून तपासून, सही घेऊनच प्रेसला द्या, व्हॉट्सअॅपवर तोंडी सांगू नका. माझ्याकडून एकदा जत्रेच्या नाटकाच्या फ्लेक्सवर देणगीदारांच्या यादीत एका जिवंत माणसाच्या नावामागे "कै." लागलं होतं. ते गृहस्थ सकाळी स्वतः दुकानात आले, पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, मी आत येऊ की नको?"